तळटीप २३ : घाटी

२३. घाटी : सह्याद्रीच्या माथ्यावरून, म्हणजे पुणे-साताऱ्याकडून कोकणात उतरलेला माणूस. पेण-रोह्यात कुणाला 'घाटावरचा' म्हटले तर तो कुठला एवढेच कळते. 'घाटी' म्हटले की अडाणी, रांगडा, हमालीपुरता असा शेरा आलाच. मुकादम इथे दुसरा शब्द वापरतो, त्यामुळे मजुराचे संतापणे रास्तच आहे. दोन्ही मुलुख एकमेकांना अनोळखी होते असेही नाही. पेणच्या मिठागरांतले मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढे, वरचे धान्य खाली उतरे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ताही झाला. एवढ्या देण्याघेण्यानंतरही शेरा पुसला गेला नाही. घाटावरही कोकण्याला चिक्कू आणि कज्जेदलाल ठरवणारे होतेच.

पुढच्या प्रकरणासाठी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. मुंबईत अमराठी लोकांच्या तोंडी हाच शब्द सरसकट मराठी कष्टकऱ्यांना लागू झाला, आणि गिरणीत गेलेला रोह्याचा मुलगाही तिथे 'घाटी' ठरला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या अपमानाची सल होती. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख लोकसभेत कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे, प्रतिनिधी होते. अलीकडे काही मराठी तरुण हा शब्द अभिमानाने मिरवतात. ज्यांच्या आईवडिलांनी तो शिवी म्हणून झेलला, त्यांना ते अजूनही बोचते. मूळ हस्तलिखितातला शब्द आम्ही सौम्य केलेला नाही. — संपा.