‘गाडी करणे’: नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरील एका क्रियापदाचा इतिहास

१/
मराठी माणूस रेल्वेने जातो, एसटीत बसतो. पण गाडी ‘करतो’. ‘गाडी करून हैदराबादला गेले’ या वाक्यातली गाडी जाणाऱ्याच्या मालकीची नसते. ती चालकासह, अख्खी, त्या एका प्रवासापुरती घेतलेली असते. हे क्रियापद मोटारीपेक्षा जुने आहे. मोटार येण्याआधी लोक टांगा करत, बैलगाडी करत. पश्चिम महाराष्ट्रात अशा गाडीचे ‘भाडे’ ठरते, मराठवाड्यात ‘किराया’. मूळचा अरबी असलेला हा शब्द निजामी राजवटीच्या दख्खनी-उर्दूतून येथे रुजला आणि राजवट गेली तरी टिकला.

२/
नांदेड आणि लातूर यांच्यातले रस्त्याचे अंतर सुमारे १४० किलोमीटर. रेल्वेने जायचे तर मात्र परळी, परभणी, पूर्णा असा वळसा पडतो. हा वळसा भूगोलाने घातलेला नाही. दोन्ही गावांना रेल्वे मिळाली ती वेगवेगळ्या कंपन्यांकडून, वेगवेगळ्या हेतूंनी आणि वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांवरून.

३/
नांदेडला १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली. सिकंदराबाद ते मनमाड असा हा मीटरगेज मार्ग होता. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद. मुंबईच्या मुख्य मार्गाचे रूळ साडेपाच फुटी. त्यामुळे मुंबईला निघालेला नांदेडकर मनमाडला गाडी बदले, तर लातूरकर कुर्डुवाडीला. सामान, म्हातारी माणसे, लेकरे आणि क्वचित एखादा रुग्ण, सगळे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर.

४/
महाराष्ट्रात एसटीचा वाढदिवस १ जूनला साजरा होतो, कारण १९४८ साली त्या दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. मराठवाडा त्या दिवशी निजामाच्या राज्यात होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबरला. पण सरकारी बसचा अनुभव येथे त्याहून जुना आहे. निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि १९३२ मध्ये त्याच रेल्वे खात्याच्या हाताखाली मोटारसेवा सुरू केली. आरंभी २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. देशातल्या सरकारी प्रवासी मोटारसेवेच्या पहिल्या प्रयोगांपैकी हा एक.

५/
रूळ आणि रस्ता एकाच खात्याकडे देण्यात हिशेब उघड होता: मोटारीने रेल्वेचे उत्पन्न खाऊ नये. सरकारी बस जसजशी पसरली तसतशी खासगी ‘सर्व्हिस मोटार’ला जागा कमी उरली. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, माणशी तिकीट घेऊन उतारू नेणे हे सरकारचे काम ठरले. खासगी मोटारवाल्याकडे उरले ते एकच: सरकारी बस जिथे जात नाही किंवा ज्या वेळी जात नाही, तिथे आणि त्या वेळी अख्खी गाडी देणे.

६/
ही विभागणी पुढे कायद्याच्या भाषेतही पक्की झाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने प्रवासी वाहनांचे दोन प्रकार केले होते. स्वातंत्र्यानंतर तो या भागालाही लागू झाला. टप्पा वाहन म्हणजे माणशी भाडे घेऊन टप्प्याटप्प्याने उतारू चढवणारे-उतरवणारे, थोडक्यात बस. कंत्राटी वाहन म्हणजे ठरलेल्या रकमेला संपूर्ण वाहन देणारे. वाटेत कराराबाहेरचा माणूस त्याने घ्यायचा नाही.

‘गाडी करणे’ या बोलीतल्या क्रियापदाचा कायद्यातला अर्थ नेमका हाच. सरकारी व्याख्या आणि बोली यांचे इतके जुळणे तसे दुर्मीळच.

७/
यानंतर घडली ती या साऱ्या गोष्टीतली सर्वांत मोठी घटना, आणि तिचा मोटारीशी वरवर काहीच संबंध नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, बीदर म्हैसूर राज्यात गेले, निजामाबाद आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात.

तोपर्यंत नांदेड-लातूरचा दावेदार वरच्या न्यायालयात दाद मागायला हैदराबादला जाई. विद्यार्थी १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जाई. व्यापाऱ्याची पेढी, अधिकाऱ्याची कचेरी, सोयरीक, सारे तिकडेच. आता राजधानी मुंबई झाली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला निघाले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ तिथे यायला १९८१ उजाडले.

८/
राजधानी एका दिवसात बदलता येते, रूळ बदलत नाहीत. गोदावरी व्हॅलीची गाडी नांदेडहून पूर्वीसारखीच सिकंदराबादकडे सरळ जात राहिली आणि मुंबईसाठी मनमाडला बदली करायला लावत राहिली. या मार्गाचे रुंदीकरण नांदेडपर्यंत यायला १९९० चे दशक लागले. कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेजचे काम तर २००८ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे राजधानी बदलल्यानंतर लातूरकराने अर्धशतकाहून अधिक काळ अरुंद रुळांवर काढला. भाड्याच्या गाडीला येथे जो जम बसला तो या अर्धशतकात. तिला केवळ चैनीची वस्तू समजणाऱ्याने कुर्डुवाडीची बदली लक्षात घेतलेली नसते.

९/
दुसरीकडे, हैदराबादशी असलेली नाती १९५६ ला संपली नाहीत. त्यांच्यामध्ये फक्त सीमा आली. देगलूर, उदगीर, बिलोली येथून शेजारच्या मोठ्या रुग्णालयाकडे जाणे म्हणजे आता परराज्यात जाणे झाले. भाड्याच्या गाडीला परराज्यात शिरताना तिथला परवाना आणि कर आला, तपासणी नाका आला. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले अनेक भाविक पुढे बीदरच्या गुरुद्वारा नानक झिरा साहिबला जातात. एकेकाळी एकाच राज्यात असलेला हा प्रवास आज दोन राज्यांचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून अखिल भारतीय पर्यटक परवाना ऑनलाइन मिळू लागला, तेव्हा कुठे ही कटकट बरीचशी सैल झाली.

१०/
वाहनांची कथा थोडक्यात. प्रारंभी अँबॅसॅडर आणि जीप. मग १९९४ मध्ये टाटांची सुमो आली आणि हिशेबच बदलला: दहा माणसे एका गाडीत मावू लागल्यावर किराया वाटून घेणे साध्या शेतकरी कुटुंबालाही झेपू लागले. तुळजापूर, माहूर, परळी, औंढा नागनाथ ही देवदर्शने आणि लगीनसराईतली वऱ्हाडे सुमोवर चालू लागली. (सुमो हे नाव जपानी मल्लांवरून नव्हे, तर टेल्कोचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आहे.) २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली.

११/
सुमोच्याच काळात काळी-पिवळी जीपही फोफावली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सातपासून बारापर्यंत उतारू नेणाऱ्या वाहनाला ‘मॅक्सीकॅब’ म्हटले आणि ती कंत्राटी वाहनांत मोडेल असे ठरवले. सहा उतारूंपर्यंतच्या मोटारकॅबला तर वेगवेगळे भाडे घेण्याचीही सवड दिली. १९३२ पासून जी रेघ बस आणि भाड्याच्या गाडीत आखलेली होती, ती येथे पुसट झाली. एसटी स्थानकाबाहेर ‘अहमदपूर, लोहा, नांदेड’ अशी आरोळी ठोकून माणशी पैसे घेणे हा उघड व्यवहार बनला.

१२/
लांब पल्ल्याचा किराया मात्र जुन्याच नियमाने चालतो. दर किलोमीटरचा, जाण्याचा आणि येण्याचाही. गिऱ्हाईक मुंबईत उतरले तरी रिकामी परतणारी गाडी त्याच्याच खर्चाने परतते, कारण मुंबईत लातूरचे उतारू वाट पाहत थांबलेले नसतात. मुक्काम पडला तर दिवसाला ठरावीक किमान किलोमीटर धरले जातात, चालकाचा भत्ता वेगळा, टोल वेगळा.

१३/
या हिशेबात एक रकाना कायम रिकामा राहिला आहे: चालकाची झोप. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण तो पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. १९८८ च्या कायद्याने कामाच्या तासांची ती मर्यादा व्यावसायिक वाहनांच्या सर्वच चालकांना जोडली. परंतु एकच गाडी, तीही कर्जावर घेतलेली आणि मालकच चालक, अशा धंद्यात तास मोजायचे कोणी? लातूर-मुंबई हे जवळपास पाचशे किलोमीटर. एकेरी फेरीतच आठ तास उलटतात, आणि रात्री निघालेले गिऱ्हाईक पुष्कळदा काम उरकून दुसऱ्याच दिवशी परत निघते.

१४/
असाच धोका पाटीच्या रंगात आहे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली की वाहन व्यावसायिक. पांढरी पाटी खासगी. पिवळीचा कर, परवाना आणि विमा महाग, म्हणून गावोगावी पांढऱ्या पाटीच्या गाड्याही किरायाने जातात. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्याच्या फेरीत अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले आणि सोलापूर गाठायचे असले, तर पाटीचा रंग पाहत कोणी थांबत नाही.

१५/
तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा बुटीबोरीपर्यंत जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. निजामाच्या मुलखात ज्या दोन गावांना रुळांनी कधी सरळ जोडले नाही, ती आता या एका रस्त्यावर आहेत. लोह्यावरून जाणाऱ्या थेट नांदेड-लातूर रोड रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे. तोवर या रस्त्यावर एमएच २४ आणि एमएच २६ च्या पिवळ्या पाट्या दिवसरात्र एकमेकींना ओलांडत असतात. त्यांतल्या बऱ्याच परतीच्या, रिकाम्या.