जटायूंचे सांभाळकर्ते

मराठी भाषेत गिधाडाची अब्रू कधीच राहिली नाही. वारसाहक्कासाठी टपून बसलेला नातेवाईक, अडल्या कुळाची जमीन गिळणारा सावकार, निवडणुकीनंतर तुकडे तोडणारे पुढारी, या सर्वांस एकच उपमा पुरते. ज्या रामकथेने जटायूस दशरथाचा सखा म्हटले आणि प्रत्यक्ष रामाकडून त्याचे उत्तरकार्य करविले, ती कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजानेच घराच्या आढ्यावर गिधाड बसणे हा अपशकुन मानला. अशा पक्ष्यासाठी कोणी आपले आयुष्य खर्ची घालील, ही कल्पना आमच्या वाडवडिलांस विनोदी वाटली असती. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत तसे घडले आहे. हरियाणातील पिंजोर येथे हे कार्य उभे राहिले आणि त्याची मुळे मुंबईत, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आहेत. त्याचा इतिहास मराठी वाचकांसमोर एकत्रितपणे यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

गावाबाहेर मेलेले ढोर टाकण्याची ठरलेली जागा आणि तिच्याभोवती जमलेले गिधाडांचे शंभर-दीडशेंचे थवे आमच्या पिढीतील सर्वांनी पाहिले आहेत. अर्ध्या तासात बैलाचा सांगाडा उघडा पडत असे. १९८० च्या सुमारास या देशात सुमारे चार कोटी गिधाडे असावीत, असा अंदाज केला जातो. इतक्या विपुल प्राण्याची कोणी नोंद ठेवीत नाही. कावळ्यांची शिरगणती कोण करतो? त्यामुळे गिधाडे नाहीशी होऊ लागली, तेव्हा ती गेली हे निश्चयाने सांगू शकेल अशी माणसे देशात फारच थोडी होती.

त्यांपैकी एक डॉ. विभू प्रकाश. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सोसायटीच्या वतीने संशोधन करीत असता त्यांनी शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करीत असल्याची नोंद करून ठेवली. सुमारे दहा वर्षांनी ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक घरटी रिकामी होती. झाडांच्या फांद्यांत मेलेले पक्षी अडकलेले होते. जे जिवंत होते ते मान खाली टाकून तासन् तास निश्चल बसत आणि एखाद्या दिवशी फांदीवरून खाली कोसळत. १९९८-९९ च्या हंगामात जोड्यांची संख्या वीसच्या आसपास आली होती. ही हकीकत त्यांनी १९९९ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दहा वर्षांपूर्वीची नीरस वाटणारी मोजदाद वहीत नसती, तर या मृत्युसत्राचा पुरावाच उरला नसता. शासकीय सेवेत नोंदवह्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कारण मात्र कळेना. विषाणू असावा, एखादी नवी साथ असावी, असा बहुतेक तज्ज्ञांचा कयास होता. याच समजुतीतून आजारी गिधाडे सांभाळून त्यांच्या रोगाचे निदान करण्यासाठी एक शुश्रूषा केंद्र काढण्याचे ठरले. हरियाणाच्या वनविभागाने पिंजोरपासून जवळच जोधपूर नावाच्या खेड्याशी पाच एकर जागा दिली, ब्रिटिश शासनाच्या डार्विन निधीतून पैसा आला, इंग्लंडमधील पक्षिसंरक्षण संस्था आणि लंडनची प्राणिविज्ञान संस्था यांचे साहाय्य लाभले आणि फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र रीतसर सुरू झाले. शेजारच्या अभयारण्याचे नाव बीर शिकारगाह. राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या रानाच्या कडेला शिकारी पक्ष्यांचे रुग्णालय उभे राहिले, हा योग मोठा मजेदार आहे.

निदान पिंजोरला झाले नाही. ते सीमेपलीकडे झाले. भारतातून मृत पक्ष्यांचे अवयव तपासणीसाठी परदेशी पाठविण्याची परवानगी मिळणे दुष्कर होते. म्हणून अमेरिकेतील पेरेग्रीन फंड या संस्थेने पाकिस्तानातील पंजाबात काम आरंभिले. डीडीटीमुळे नामशेष होऊ घातलेल्या बहिरी ससाण्याच्या रक्षणासाठी टॉम केड यांनी ही संस्था १९७० मध्ये स्थापिली होती. तिच्या वतीने डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत गिधाडांचे विच्छेदन केले, तेव्हा आतड्यांवर व काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळला. मूत्रपिंड निकामी होऊन युरिक आम्ल शरीरभर साचले होते. ना विषाणू सापडला, ना कीटकनाशक, ना जड धातू. मग त्यांनी साधा विचार केला: गिधाडाचे अन्न म्हणजे मेलेले पाळीव जनावर, तेव्हा अलीकडे जनावरांना नवे काय देऊ लागले आहेत? पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली असता डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक पुढे आले. अशा रीतीने मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली, त्या सर्वांच्या मूत्रपिंडांत ते औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही सापडले नाही. हा शोध २००४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. पुढे गणिताने असेही दाखविले की, शंभर मृत जनावरांत एखादेही विषारी निघाले, तरी गिधाडांचा असा संहार होण्यास तेवढे पुरेसे आहे. एका सांगाड्यावर शेकडो पक्षी जेवतात, मग दुसरे काय होणार?

पिंजोरच्या मंडळींचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. ज्या गृहीतावर केंद्र उभारले ते कोसळले, तेव्हा त्यांनी गृहीताचा अभिमान धरला नाही. २००४ मध्येच शुश्रूषा केंद्राचे प्रजनन केंद्र झाले. औषध बंद होऊन रान निर्विष होईपर्यंत तिन्ही जाती, म्हणजे पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे गिधाड, पिंजऱ्यात जगवून ठेवावयाच्या, असा नवा संकल्प झाला. डॉ. विभू प्रकाश आणि त्यांच्या पत्नी निकिता प्रकाश या दांपत्याने आपल्या आयुष्याची ऐन वर्षे या पाच एकरांत घालविली.

औषधबंदीची कथा शासकीय कामकाज जवळून पाहिलेल्या माणसास अधिक उद्बोधक वाटेल. मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने सहा महिन्यांत बंदीची शिफारस केली. प्रत्यक्ष आदेश मे २००६ मध्ये निघाला. दरम्यान एक अडचण रास्त होती. शेतकऱ्याच्या दुखणाईत बैलाला पर्यायी औषध कोणते द्यावयाचे? इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतील व दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस निरुपद्रवी असल्याचे २००६ मध्ये सिद्ध केले, तेव्हा ती दूर झाली. सहा महिन्यांचे चौदा महिने झाले खरे. परंतु लाखो दुकानांत रुळलेले औषध शास्त्रीय पुराव्यानंतर सव्वादोन वर्षांत बंद होणे, ही आमच्या अनुभवात मंद गती नव्हे. मंद गती पुढे दिसली. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी सर्रास विकल्या जात. बंदीनंतरच्या वर्षांत गिऱ्हाईक बनून दुकानोदुकानी चौकशी केली असता, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दुकानांत ते मिळत असल्याचे आढळले. या बाटल्यांवर तीन मिलिलिटरची मर्यादा येण्यास २०१५ साल उजाडले. तितकीच घातक असलेली अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन ही औषधे जनावरांसाठी बंद झाली ती २०२३ मध्ये. इकडे २००७ च्या गणनेत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या तुलनेने हजारात एक इतकी उरल्याचे दिसून आले होते.

पिंजोरच्या दैनंदिन कामात नाट्य मुळीच नाही. शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद आणि वीस फूट उंच अशा जाळीच्या दालनांत पक्षी समूहाने राहतात, कारण एकटेदुकटे गिधाड विणीस तयार होत नाही. दालनांची रचना व पक्ष्यांची निगा यांबाबत इंग्लंडमधील शिकारी पक्ष्यांच्या केंद्राच्या जेमिमा पॅरी-जोन्स यांचे मार्गदर्शन लाभले. हा वारसा त्यांच्या घरातच होता. ते केंद्र त्यांच्या वडिलांनी १९६७ मध्ये स्थापिले होते. आहार बकऱ्याच्या मांसाचा; पण बकरेही प्रथम काही दिवस आपल्या देखरेखीत ठेवावयाचे, म्हणजे कोणी औषध टोचले असल्यास त्याचा अंश शरीरातून निघून जातो. नर-मादी दिसण्यात सारखेच, म्हणून लिंगनिश्चिती रक्ताच्या तपासणीने. पक्ष्यांस माणसाची सवय लागू नये यासाठी लक्ष ठेवावयाचे ते कॅमेऱ्यांतून. ज्याला जिवापाड जपावयाचे त्याच्या दृष्टीसही पडावयाचे नाही, असे हे व्रत आहे.

गिधाडांचा संसार संथ असतो. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास जोडी जमते, वर्षातून एकच अंडे, ते उबविण्यास जवळजवळ दोन महिने, त्यानंतर पिलू उडते व्हावयास सुमारे चार महिने. जानेवारी २००७ मध्ये केंद्रात पहिले पिलू जन्मले आणि अल्पावधीतच दगावले. दुसऱ्या वर्षी मात्र पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची पिले जगली. पिंजऱ्यात या जातीची पिले वाढून उडती झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. २०१० पर्यंत तिन्ही जातींची वीण साधली. त्यानंतर त्यांनी एक युक्ती योजिली. पहिले अंडे काढून यंत्रात उबवावयाचे, म्हणजे जोडी दुसरे अंडे घालते आणि एका हंगामात दोन पिले हाती लागतात. आमच्या घरची वडीलधारी बाई कोंबडी खुडुक बसवताना असेच काही डाव टाकीत असे, त्याची हे वाचताना आठवण होते. पिंजोरच्या धर्तीवर पश्चिम बंगालात राजाभातखावा, आसामात राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळजवळ केरवा येथे केंद्रे निघाली. पिंजोरच्या पक्ष्यांची संख्या कालांतराने तीनशेवर गेली.

पिंजऱ्यात वाढविणे सोपे म्हणावे, इतके सोडणे अवघड निघाले. शंभर किलोमीटरच्या परिघात घातक औषध विकले जात नाही याची खात्री झाल्यावाचून दार उघडणे म्हणजे दोन दशकांची कमाई विषात लोटणे. ३ जून २०१६ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या उपस्थितीत पिंजोरहून दोन हिमालयी गिधाडे मुक्त करण्यात आली. ती चाचणी होती. पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे प्रथम सोडली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, पाठीवर उपग्रहाशी संपर्क राखणारी यंत्रे बांधून. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची वीस गिधाडे महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली व पुढे मुक्त झाली. त्यांतील काही दगावली. वर्तमानपत्रांनी त्यावर अपयशाचा शिक्का मारला, तो आम्हांस घाईचा वाटतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यास विजेच्या तारा कोण शिकविणार?

आमच्या मध्य भारतातील वाचकांस यात दिलासा वाटावा असे पुष्कळ आहे. ओरछ्याच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात, हे ग्वाल्हेर-झाशीकडील मंडळींनी स्वतः पाहिलेले असेल. बुंदेल्यांच्या समाधिशिखरांनी त्या जातीस संकटकाळी आसरा दिला. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या गणनेत सर्व जातींची मिळून ९,४४६ गिधाडे नोंदली गेली आणि २०२४ मध्ये हा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. या प्रदेशात केरवा केंद्रातील पक्षी प्रथमच मुक्त झाले ते एप्रिल २०२५ मध्ये, भोपाळजवळील हलाली धरणाच्या परिसरात: पांढऱ्या पाठीची व लांब चोचीची मिळून सहा. प्रत्येकाच्या पाठीवर यंत्र आहे, आणि ते रोज कोठे बसले, कोठे जेवले, याची नोंद ठेवली जाते. भरतपूरच्या वहीत जे काम सुरू झाले होते, ते अशा रीतीने चालू आहे.