राब, चिखल आणि धसकटं

कर्जत म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ट्रेक, फार्महाऊस, गेलाबाजार वडापाव. भात काही आठवत नाही. वास्तविक नेरळ सोडलं की लोकलच्या खिडकीतून दिसतात ती भाताचीच खाचरं. आणि या भागात भात कसा लावायचा यावरून एकेकाळी ब्रिटिश सरकारला चक्क कमिशन नेमावं लागलं होतं!

भानगड होती राबाची. उन्हाळ्यात, जिथे रोपं तयार करायची त्या तुकड्यावर शेण, झाडांची टहाळं, पाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वरून बारीक माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. पाऊस पडला की त्या राखेत भात पेरायचं. धगीने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. एका काडीत तीन कामं. पंजाबात गव्हाच्या पेरणीची घाई असते म्हणून भाताचा पेंढा जाळतात, तो नकोसा असतो. इथे उलट. पेंढा गुरांच्या तोंडी जायचा आणि जाळायला टहाळं जंगलातून आणावी लागायची.

आता जंगल म्हटलं की सरकार आलंच. १८७८च्या वनकायद्यानंतर टहाळं तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाब्यात ओरड सुरू झाली. (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. खालापूर पेट्यासकट ते १८९१ मध्ये कुलाब्यात आलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. असो.) १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमलं गेलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. वनखात्याला दिसत होती भादरलेली झाडं, शेतकऱ्याला दिसत होतं रिकामं खाचर. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. पुढे व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानची शेती बघायला आले. १८९३च्या त्यांच्या अहवालात राबाचीही चर्चा आहे. इथला शेतकरी अडाणी आहे हे मत त्यांनी साफ नाकारलं, हे विशेष.

राब फक्त रोपांपुरता. मुख्य खाचरात चिखलणी करायची, म्हणजे उभ्या पाण्यात नांगर फिरवून रबडी करायची. त्याने तण गाडलं जातं, पाणी धरून ठेवलं जातं, लावणी सोपी होते. पण मातीचे कण सुटे होऊन बसतात आणि खाली कडक थर तयार होतो. हिवाळ्यात जमीन वाळून भेगाळते आणि वाल-हरभऱ्याच्या मुळांना खाली जायला वावच राहत नाही.

यावर कर्जत तालुक्यातच, नेरळजवळच्या मालेगावात, सगुणाबागेच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी २०११च्या सुमारास वेगळाच घाट घातला. सगुणा राईस टेक्निक. गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा मोडायचे नाहीत. लोखंडी साच्याने भोकं पाडून त्यात बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही! कापणीनंतर धसकटं आणि मुळं उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, त्यातून हवा-पाणी खाली जातं. गांडुळांना आयतं जेवण मिळतं. लावणीला माणसं मिळत नाहीत त्या गावांत वाचलेली मजुरीच सगळ्यात मोठी.

मग तणाचं काय? इथे खरी गोम आहे. आधी आगीने मरणारं आणि नंतर चिखलात गाडलं जाणारं तण आता ग्लायफोसेटने मारायचं. म्हणजे नांगराचं काम फवारणीच्या पंपाकडे गेलं. काही लोक या एका मुद्द्यावर सगळी पद्धतच मोडीत काढतात. मला ते घाईचं वाटतं, कारण धूप थांबणं आणि माती सुधारणं हा फायदा खरा आहे. पण औषधाकडे काणाडोळाही करता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांमार्फत करण्याचा आदेश काढला. कागदावर ठीक आहे. पण खालापूरच्या वाडीतल्या अर्ध्या एकरावर फवारायला असा माणूस कुठून येणार?