चेंबर्स, ज्यूलियस लव्हॉन
चेंबर्स, ज्यूलियस लव्हॉन : (६ ऑक्टोबर १९३६–२ ऑगस्ट २०१३). नागरी हक्कांच्या, आणि विशेषतः नोकरीतील वर्णभेदाच्या, मुकदम्यांमुळे ख्यातनाम झालेले अमेरिकन विधिज्ञ. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील माउंट गिलियड या लहानशा गावी. वडील विल्यम हे मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवीत. १९४८च्या सुमारास एका गोऱ्या गिऱ्हाइकाने आपली मालमोटार त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली आणि सुमारे २,००० डॉलरचा हिशेब चुकता करण्याचे साफ नाकारले. वसुलीचा दावा लावावा म्हणून वडिलांनी गोऱ्या वकिलांचे उंबरठे झिजविले, परंतु गोऱ्या असामीविरुद्ध कृष्णवर्णीय कारागिराचे वकीलपत्र घेण्यास त्यांतील एकही राजी झाला नाही. ज्या पैशावर ज्यूलियस यांना थोरल्या भावंडांप्रमाणे लॉरिनबर्ग येथील खाजगी शाळेत धाडावयाचे होते तो पैसा अशा रीतीने बुडाला, आणि आपण वकील व्हावयाचे, हा निश्चय त्या मुलाने त्याच वेळी केला.

डरॅम येथील नॉर्थ कॅरोलायना कॉलेजातून १९५८ साली इतिहास विषयात पदवी संपादन केल्यावर त्यांनी मिशिगन विद्यापीठाची त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी घेतली व नंतर चॅपल हिल येथील राज्य विद्यापीठाच्या विधिशाळेत प्रवेश केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना या शाळेची दारे १९५१ साली न्यायालयाच्या हुकमानेच काय ती उघडली होती. तेथे चेंबर्स हे विधिशाळेच्या नियतकालिकाचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख संपादक झाले आणि १९६२ साली आपल्या वर्गात प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले. कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाच्या सुमारास, १९६३ साली, न्यूयॉर्कच्या ‘विधिसंरक्षण निधी’ या विख्यात संस्थेने त्यांना आपला पहिला उमेदवार वकील म्हणून घेतले, आणि १९६४ साली त्यांनी शार्लट शहरात स्वतःचे कार्यालय थाटले. पुढे जेम्स फर्ग्युसन हे कृष्णवर्णीय आणि ॲडम स्टाइन हे गोरे वकील त्यांना भागीदार म्हणून लाभले. दोन्ही वर्णांच्या वकिलांनी मिळून चालविलेले ते राज्यातील पहिले कार्यालय गणले जाते.

त्यांच्या व्यवसायाचा आरंभ आणि १९६४च्या नागरी हक्क अधिनियमाचा आरंभ एकाच वर्षी झाला. या अधिनियमाच्या सातव्या प्रकरणाने वर्ण, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून नोकरीत भेद करण्यास मनाई केली व ते प्रकरण २ जुलै १९६५ रोजी अंमलात आले. परंतु कामगारांच्या तक्रारी ऐकण्यासाठी निर्माण झालेल्या आयोगाला १९७२पर्यंत स्वतः फिर्याद दाखल करण्याचा अधिकार नसल्यामुळे, कायदा कागदावरून कारखान्यात नेण्याचा भार खाजगी वकिलांवरच पडला. हे दावे ज्यूरीपुढे चालत नसत; पुरावा तोलण्याचे काम एकट्या न्यायाधीशाचे असे. त्यामुळे अशा दाव्यात वक्तृत्वापेक्षा मालकाच्या दप्तराचे मोल अधिक : नेमणुकांची नोंद, पगारपत्रके, सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि परीक्षांचे निकाल यांवरून वर्षानुवर्षांचा भेदभाव आकड्यांनिशी सिद्ध करावा लागे. चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला शिस्त आणली.

या कामगिरीतील सर्वाधिक दूरगामी खटला म्हणजे ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी’. ड्रेपर गावाजवळील डॅन रिव्हर वीजकेंद्रात कंपनीचे ९५ नोकर होते व त्यांतील १४ कृष्णवर्णीय होते. ते सर्व मजूर खात्यात असत, आणि त्या खात्यातील सर्वांत वरच्या पगारापेक्षाही इतर खात्यांतील सर्वांत खालचा पगार अधिक असे. ज्या दिवशी कायदा अंमलात आला त्याच दिवशी कंपनीने इतर खात्यांतील नव्या भरतीस शालान्त प्रमाणपत्राच्या जोडीला दोन बुद्धिपरीक्षांची अट घातली. अट सर्वांना सारखीच होती. परंतु १९६०च्या शिरगणतीप्रमाणे या राज्यातील गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले होते, तर कृष्णवर्णीयांपैकी केवळ १२ टक्क्यांनी. रॉबर्ट बेल्टन प्रभृती सहकाऱ्यांबरोबर चेंबर्स यांनी वादींची बाजू मांडली, ती खालच्या न्यायालयात फेटाळली गेली, आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयात विधिसंरक्षण निधीचे तत्कालीन प्रमुख जॅक ग्रीनबर्ग यांनी युक्तिवाद केल्यावर ८ मार्च १९७१ रोजी निवाडा एकमताने वादींच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्यात कोल्हा आणि करकोचा यांच्या प्राचीन कथेचा आधार घेतला : दोघांपुढे दूध ठेवले एवढ्याने दोघांना संधी मिळाली असे होत नाही, भांडे कोणते आहे हेही पाहावे लागते. जी अट प्रत्यक्षात एका वर्णाला वगळते, आणि जिचा त्या कामाशी संबंध मालकाला दाखविता येत नाही, ती हेतू शुद्ध असला तरी बेकायदेशीर होय, हे तत्त्व येथून प्रस्थापित झाले.

ग्रीन्झबरो येथील लॉरिलार्ड तंबाखू कारखान्याच्या दाव्यात, त्याच वर्षी, खात्यावार सेवाज्येष्ठतेचा प्रश्न सोडविला गेला. दुसऱ्या खात्यात जाणाऱ्या कामगाराला आपली जुनी सर्व ज्येष्ठता गमवावी लागत असल्याने, पूर्वी वर्णामुळे निकृष्ट खात्यात डांबलेला माणूस नियम बदलल्यावरही तेथेच अडकून राही. अपील न्यायालयाने ही पद्धत मोडून काढली. १९७५ साली ‘अल्बमार्ल पेपर कंपनी विरुद्ध मूडी’ या खटल्यात चेंबर्स यांनी स्वतः सर्वोच्च न्यायालयापुढे युक्तिवाद केला. रोनोक रॅपिड्ज येथील कागद गिरणीतील कृष्णवर्णीय कामगारांना, मालकाच्या मनात कपट नव्हते या सबबीवर, बुडालेल्या वेतनाची भरपाई नाकारण्यात आली होती. भेदभाव सिद्ध झाल्यावर अशी भरपाई हा नियम व नकार हा अपवाद, असे न्यायालयाने ठरविले. ज्याच्या वडिलांच्या घामाचे पैसे दावा लावण्यास वकील न मिळाल्यामुळे बुडाले होते, त्याच्या हातून केलेल्या कामाचा पुरा मोबदला मागण्याचा मार्ग इतरांना मोकळा व्हावा, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहज लक्षात येण्याजोगी आहे.

शालेय पृथक्करणाविरुद्धही त्यांनी तितकाच झगडा दिला. १९६५ साली दाखल केलेल्या ‘स्वान विरुद्ध शार्लट-मेक्लेनबर्ग’ या दाव्यात २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शाळांमधून वर्णमिश्रण साधण्यासाठी विद्यार्थ्यांची बसने ने-आण करण्यास मान्यता दिली. या लढ्याचे मोल त्यांना मोजावे लागले. १९६५च्या जानेवारीत न्यू बर्न येथे ते सभेत बोलत असता त्यांची मोटार स्फोटाने उडविण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शार्लटमधील त्यांच्या व अन्य तीन पुढाऱ्यांच्या घरांवर एकाच रात्री बाँब टाकले गेले. आणि १९७१च्या फेब्रुवारीत त्यांचे कार्यालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दर खेपेस ते कामावर परतले.

१९८४ साली थर्गुड मार्शल व ग्रीनबर्ग यांच्यानंतर ते विधिसंरक्षण निधीचे तिसरे प्रमुख झाले. प्रांतिक विधिमंडळाच्या मतदारसंघांविषयीचा ‘थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स’ हा खटला (१९८६) त्यांनीच सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. परंतु नोकरीविषयक कायद्यापुरता हा काळ ओहोटीचा होता : १९७७च्या एका निवाड्याने जुन्या सेवाज्येष्ठतेच्या पद्धतींना आधीच संरक्षण दिले होते, आणि १९८९च्या ‘वॉर्ड्‌ज कोव्ह’ निवाड्याने ग्रिग्ज खटल्याने मालकांवर टाकलेला सिद्धतेचा भार बव्हंशी कामगारांकडे फिरविला. या पीछेहाटीला संसदेत उत्तर मिळविण्याच्या प्रयत्नांत निधीचा मोठा वाटा होता. १९९१च्या नागरी हक्क अधिनियमाने तो भार पुन्हा मालकांवर ठेवला व जाणूनबुजून केलेल्या भेदभावाच्या दाव्यांत ज्यूरी आणि मर्यादित नुकसानभरपाई यांची तरतूद केली.

१९९३ पासून २००१ पर्यंत ते आपल्याच जुन्या महाविद्यालयाचे, म्हणजे आता विद्यापीठ झालेल्या नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलचे, कुलगुरू होते. त्यानंतर चॅपल हिल येथे नागरी हक्क केंद्र स्थापून त्याचे पहिले संचालक म्हणून त्यांनी काम पाहिले. कायद्याने दिलेल्या हक्काला दप्तरातील पुराव्याचे पाठबळ देऊन तो न्यायालयात वसूल करणारा वकील, हे त्यांचे खरे स्थान होय. शार्लट येथे त्यांचे निधन झाले. यादवी युद्धकाळात दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या या राज्याचा गव्हर्नर झेब्युलॉन व्हान्स याचे नाव असलेल्या तेथील माध्यमिक शाळेला २०२१ साली चेंबर्स यांचे नाव देण्यात आले.