चालत्या इंजिनाचा शेवट

पीएचडी करताना माझ्याकडे एक खटारा गाडी होती. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने गाडीचा पत्रा खालून सडतो, इंजिन मात्र ठणठणीत राहते. मग भंगारच्या आवारात जायचे आणि स्वतः पाना चालवून दुसऱ्या गंजक्या गाडीचा अल्टरनेटर काढून आणायचा, हा आमचा शनिवारचा उद्योग.

तिथल्या जुन्या कामगारांच्या तोंडी 2009 चा उन्हाळा अजून होता. मंदीतल्या वाहनउद्योगाला हात द्यायला सरकारने योजना काढली. जास्त पेट्रोल पिणारी, पण चालती गाडी द्या आणि नव्या गाडीवर 3,500 किंवा 4,500 डॉलर सूट घ्या! महिन्याभरात सुमारे 6,77,000 गाड्या जमा झाल्या. दारे, दिवे काढून विकायला परवानगी होती, इंजिन मात्र मारायचे. ऑइल काढून सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू ठेवायचे. उष्णतेने पाणी उडते, काचेसारखा थर बेअरिंगमध्ये बसतो आणि काही मिनिटांत सगळे जाम.

ती इंजिने पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत, हा हेतू मला पटतो. पण पुढे माझ्याच गाडीचे इंजिन बसले. त्या आवारात दुसरे शोधत हिंडताना हा हेतू काही केल्या आठवेना.