थाळीतला किल्ला आणि कुंपणावरचा निवडुंग

पसरट कुंडीत किंवा मातीच्या थाळीत लहान मांसल वनस्पती लावून त्यांतून वाळवंट, खेडे, डोंगर किंवा किल्ला असा एखादा विषय उभा करण्याची घरगुती कला नवी मुंबईच्या बाल्कन्यांत आता रुळली आहे. मांसल वनस्पती म्हणजे पानांत, खोडात किंवा मुळांत पाणी साठवून कोरडा काळ निभावणारी झाडे. रोपवाटिकांत त्यांना सरसकट ‘सक्युलंट’ म्हटले जाते. या कलेमागे झाडांचा आणि देखाव्याचा असे दोन स्वतंत्र इतिहास आहेत.

झाडांपैकी बहुतेकांना महाराष्ट्रात घराबाहेरच जागा होती. शेर, थोर आणि घायपात यांचा उपयोग शेताच्या बांधावर व कुंपणाला होई, आणि काटेरी झाड उंबऱ्याच्या आत आणणे अशुभ मानले जाई. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग तर उपद्रव म्हणूनच ओळखला गेला: 1795 मध्ये किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून भारतात आणलेला कीटक रंगाच्या कामी फारसा आला नाही, पण त्याने निवडुंगाची एक जात फस्त केली, आणि 1926 मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या त्याच्याच भाईबंद कीटकाने दक्षिणेतील निवडुंगाचे उरलेले रान मोडून काढले. दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड हा अपवाद. मातीविना महिनोन्महिने हिरवी राहण्याच्या गुणामुळेच तिला तो मान मिळाला असावा. खुद्द नवी मुंबईच्या खाडीकाठी मोरस ही मांसल पानांची खारट वनस्पती पूर्वीपासून आहे, पण आगरी-कोळी घरांत तिची भाजी झाली, शोभा कधी झाली नाही.

देखाव्याचा इतिहास याहून वेगळा आहे. तबकातील निसर्गाची कला मूळची चीनची; थांग राजपुत्र चांगह्वाय याच्या इ. स. 706 मधील कबरीतील भित्तिचित्रात सेवक असा लघुनिसर्ग हाती घेऊन चाललेले दिसतात, आणि पुढे जपानने तिला ‘बोनकेई’ म्हणजे तबकातील देखावा हे रूप दिले. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. दिवाळीत अंगणात दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला रचून, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरून, बुरूज, तळे, गुहा आणि मातीचे मावळे मांडण्याची मुलांची प्रथा ही विषय ठरवून रचलेली लघुबागच होय. उणीव एवढीच की तिची हिरवळ सण संपताच सुकते.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, आणि 1980 नंतर मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आले, तेव्हा त्यांच्यासोबत माथाडी कामगार आणि व्यापारीही खाडी ओलांडून आले. त्यांतील पुष्कळांचे गाव साताऱ्याकडे किंवा जुन्नरकडे, म्हणजे किल्ल्यांच्याच मुलखात. सदनिकेत अंगण नसल्याने दिवाळीचा किल्ला सोसायटीच्या आवारात गेला, आणि घरातील हौसेला खिडकीच्या ग्रिलवरची वीतभर जागा उरली. थाळीतल्या सक्युलंट-देखाव्याला येथे इतक्या सहजी घर मिळाले त्यामागे परदेशी फॅशनपेक्षा ही जुनी सवय अधिक असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. या देखाव्यात जेडचे जाडसर खोड वडाचे काम करते, एकेव्हेरियाची गुलाबासारखी पाने झुडपांचे, तर उभट हॅवर्थिया बुरुजाशेजारच्या काटेरी जाळीचे.

अडचण कोकणच्या पावसाची आहे. ही झाडे उन्हात बाष्प वाया जाऊ नये म्हणून पानांवरची सूक्ष्म छिद्रे बहुधा रात्री उघडतात, त्यांचे पाणी फार हळू खर्च होते, आणि अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या हवेत ओल्या मातीत त्यांची मुळे कुजतात. म्हणून तळाला भोक असलेली थाळी, विटांचे बारीक तुकडे व जाड वाळू मिसळलेली माती, आणि जून ते सप्टेंबर छज्ज्याखालची जागा हे जाणकारांचे नियम ठरले. झाकणबंद काचपात्र शोभिवंत दिसले तरी ते नेच्यांसाठी योग्य. मांसल झाडाला त्यात कोंडणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

विशेष म्हणजे किल्ल्याच्या देखाव्याला शोभेल अशी वनस्पती किल्ल्यावरच आहे. शिंदळ माकडी, अलीकडचे नाव शिवसुमन, ही फक्त महाराष्ट्रात उगवणारी मांसल वनस्पती शिवनेरीच्या कड्यांवर आढळते. निकोल डॅलझेल या वनाधिकाऱ्याने 1860 च्या दशकात तिचे वर्णन करून मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावे तिला ‘फ्रीरिया इंडिका’ म्हटले. तिची गडद किरमिजी, पिवळसर ठिपक्यांची चांदणीसारखी फुले पावसाळ्यात येतात आणि कोरड्या दिवसांत पाने गळून नुसते खोड राहते. ती अतिदुर्मिळ ठरली असल्याने कड्यावरून उपटून आणणे निषिद्धच मानावे. तिच्या फांद्या मात्र सहज रुजतात, आणि अशा कलमांतूनच ती जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचली, जुन्नरहून आलेल्या कुटुंबांच्या थाळीत मात्र ती अजून विरळाच दिसते.