मागितलं तरच नाव सांगायचं? उभ्या गाडीला धडकून निघून जाणाऱ्यांचा इतिहास

रात्री गल्लीत लावलेली गाडी सकाळी बघितली, तर मागचा उजवा दरवाजा आत गेलेला आणि त्यावर दोन बोटं रुंद पांढरा ओरखडा. आमची गाडी निळी, म्हणजे पांढरा रंग दुसऱ्या कुणाचा तरी. वायपरखाली चिठ्ठी वगैरे काही नाही. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, पांढरी गाडी होती, रिव्हर्स घेताना लागली असंल. नंबर नाय बघितला."

पहिला तास चिडचिडीत गेला. मग सवयीप्रमाणे डोक्यात प्रश्न आला : त्या माणसाने काय करायला हवं होतं? नैतिकदृष्ट्या सोडा, कायद्याने काय करायला हवं होतं? उत्तर शोधता शोधता मी थेट 1903 सालच्या ब्रिटनमध्ये पोचले. संशोधनाचा विषय कसा सापडतो, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. कधी कधी तो असा दरवाजावरच्या पोचीतून सापडतो, म्हणून ही पोस्ट.

आधी नंबर, मग पळणं

पळून जाण्याला गुन्हा म्हणायचं तर आधी 'थांबणं' हे कर्तव्य ठरावं लागतं. आणि ते कर्तव्य मोडणारा सापडायचा तर गाडीला ओळख लागते. घोडागाडीचा वेग कमी, शिवाय टांगेवाला साधारण त्याच भागातला, त्यामुळे तो कोण हे लोकांना माहीत असण्याची शक्यता जास्त. मोटार मात्र परगावातून येते, धक्का देते आणि दिसेनाशी होते. अनोळखीपणा आणि वेग या दोन गोष्टी मोटारीबरोबर एकदमच रस्त्यावर आल्या.

पॅरिसच्या पोलिसांनी 14 ऑगस्ट 1893 च्या आदेशात मोटारींवर मालकाचं नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली धातूची पट्टी सक्तीची केली. ब्रिटनमध्ये 1903 चा मोटार कार कायदा आला आणि 1 जानेवारी 1904 पासून गाड्यांना नंबर आले. हा कायदा एक प्रकारची देवाणघेवाण होती. वेगमर्यादा ताशी 20 मैलांपर्यंत वाढवून दिली, त्या बदल्यात नंबरप्लेट घ्यायला लावली. अनेक मोटारमालकांना ही पट्टी अपमानास्पद वाटत होती. पण लंडनचा 'ए 1' हा नंबर मिळवणारे अर्ल रसेल (तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले भाऊ) यांच्यासारख्यांनी त्यातही प्रतिष्ठा शोधली. आजच्या व्हीआयपी नंबरच्या हौसेचं मूळ इतकं जुनं आहे.

याच कायद्याच्या सहाव्या कलमात अपघातानंतर थांबण्याचं कर्तव्य आहे. ते पहिल्यांदा वाचताना मी एका शब्दसमूहापाशी अडकले. अपघात माणसाला झाला, किंवा 'कुणाच्या तरी ताब्यात असलेल्या' घोड्याला अथवा वाहनाला झाला, तर चालकाने थांबावं आणि मागितल्यास नाव-पत्ता द्यावा, असा त्याचा आशय आहे. 'ताब्यात असलेल्या' आणि 'मागितल्यास' हे दोन्ही शब्द नीट बघा. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन माणसं समोरासमोर उभी आहेत. रात्री गल्लीत एकटी उभी असलेली, आत कुणीही नसलेली गाडी त्या चित्रात नाहीच. 1903 मध्ये हे साहजिक होतं. मोटारी मोजक्या, त्यांच्याबरोबर बहुतेक वेळा ड्रायव्हर, आणि रात्री त्या तबेल्यासारख्या जागेत बंद.

1930 च्या रोड ट्रॅफिक कायद्यात 'ताब्यात असलेल्या' ही अट गेली. व्यक्ती, वाहन किंवा जनावराला इजा अथवा नुकसान झालं तर थांबायचं. नाव-पत्ता दिला गेला नाही, तर शक्य तितक्या लवकर आणि काहीही झालं तरी 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. जनावर म्हणजे काय, याची यादीसुद्धा दिली आहे : घोडा, गुरं, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी, कुत्रा. मांजर नाही! कायद्यातल्या याद्या वाचताना 'कोण आहे' याबरोबर 'कोण नाही' हेही विचारायची सवय लावून घ्या. त्या काळाने कशाची किंमत धरली होती, ते तिथे कळतं.

चिठ्ठी लिहिणं म्हणजे कबुली देणं का?

अमेरिकेत वाद वेगळ्याच दिशेने गेला. न्यूयॉर्कने 1910 मध्ये अपघातानंतर नाव न सांगता निघून जाणं गुन्हा ठरवलं. लगेच आक्षेप आला : कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, मग 'धडक मारणारा मीच' हे सांगायची सक्ती कशी करता? खालच्या न्यायालयाने हा आक्षेप मान्य केला होता. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 1913 मध्ये 'पीपल विरुद्ध रोझेनहायमर' या खटल्यात तो निर्णय फिरवला आणि कायदा वैध ठरवला.

तरीही हा प्रश्न मिटला नाही. 1971 मध्ये 'कॅलिफोर्निया विरुद्ध बायर्स' हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. अपघातात मालमत्तेचं नुकसान झालं होतं आणि चालकावर न थांबल्याचा आरोप होता. न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा टिकवला. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांच्या मताचा गाभा असा की नाव-पत्ता सांगणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. ती कर विवरणपत्र भरण्यासारखी नागरी जबाबदारी आहे. एका मताने निसटलेला हा निकाल आहे, म्हणजे विरुद्ध बाजूलाही वजन होतं हे लक्षात घ्या.

कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतलं 20002 हे कलम मला नेमकं हवं होतं ते सांगतं. धडक बसलेल्या गाडीचा मालक हजर नसेल, तर स्वतःचं नाव-पत्ता आणि काय घडलं हे लिहिलेली चिठ्ठी गाडीवर सहज दिसेल अशी ठेवायची आणि पोलिसांनाही कळवायचं. म्हणजे वायपरखालची चिठ्ठी तिथे सौजन्य नाही, ती कायद्यातली अट आहे.

आपल्याकडे काय?

भारतात मोटार वाहन कायदे आले 1914, 1939 आणि 1988 साली. सध्याच्या 1988 च्या कायद्यातल्या 132 व्या कलमानुसार अपघाताची झळ बसलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास चालकाने नाव-पत्ता द्यायचा असतो. 'मागणी केल्यास' हा 1903 चा शब्द इथे अजून जिवंत आहे! मी घरात झोपलेली असताना मागणी कशी करणार?

पण 134 वं कलम मदतीला येतं. त्याचं शीर्षक वाचलं तर ते फक्त माणसाला झालेल्या इजेबद्दल आहे असं वाटतं. मजकुरात मात्र तिसऱ्या व्यक्तीच्या मालमत्तेचं नुकसानही आहे. तिथे पोलीस हजर नसतील तर चालकाने जवळच्या ठाण्यात 24 तासांच्या आत जाऊन सांगायचं. न सांगितल्यास 187 व्या कलमाखाली शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आपल्या कायद्यानुसार मला चिठ्ठी मिळायलाच हवी होती असं नाही, पण ठाण्यात नोंद व्हायला हवी होती. (नुसतं शीर्षक वाचून कलम उद्धृत करू नये, हा धडा मी इथे शिकले.)

आणखी एक गंमत. 'हिट अँड रन' हा शब्द आपल्या कायद्यात 161 व्या कलमात आहे, पण त्याचा अर्थ 'पळून जाणं' असा नाही. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, त्याने केलेला अपघात, अशी ती व्याख्या आहे. म्हणजे चालक पळाला पण नंबर सापडला, तर या कलमापुरता तो हिट अँड रन नाही. ही व्यवस्था 1982 च्या दुरुस्तीतून आली. तेव्हा मृत्यूसाठी 5,000 आणि गंभीर दुखापतीसाठी 1,000 रुपये मिळत. 1 एप्रिल 2022 पासून त्या रकमा 2 लाख आणि 50,000 आहेत. वाकलेल्या दरवाजाला या यादीत जागा नाही, आणि ते योग्यच आहे. ज्या देशात रस्त्यावर माणसं मरतात, तिथे सार्वजनिक निधी आधी त्यांच्याकडे जायला हवा.

पांढरा ओरखडा काय सांगतो?

माझं मूळ शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे त्या पांढऱ्या रंगावरून नजर हटेना. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये 1910 साली पोलिसांची प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार्ड यांचं नाव ज्या तत्त्वाशी जोडलं जातं ते हेच : दोन वस्तू एकमेकींना लागल्या की दोन्हींवर एकमेकींचं काहीतरी उरतं. आमच्या दरवाजावर पांढरा रंग आहे, तसा कुठेतरी एका पांढऱ्या बंपरवर निळा रंग असणार.

पण रंग पुरावा होण्यासाठी रंगांमध्ये फरक असावा लागतो. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. 1920 च्या दशकात लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज रंग आले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. माझा तर्क असा की रंगाच्या कपच्यांना तपासात किंमत येण्यामागे प्रयोगशाळेतल्या उपकरणांइतकाच कारखान्यातल्या या बदलाचाही वाटा आहे. आज गाडीवर साधारण चार थर असतात : गंजरोधक प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग रंग, वर पारदर्शक क्लिअरकोट. थरांचा क्रम आणि प्रत्येकाचं इन्फ्रारेड वर्णपटातलं रूप बघून कंपनी, मॉडेल, उत्पादनाचा काळ यांचा अंदाज बांधता येतो. कॅनडाच्या पोलिसांनी 1970 च्या दशकापासून असा रंगांचा संग्रह उभारला आहे. मात्र यातून गाडीचा प्रकार कळतो, 'हीच ती गाडी' हे नाही. ते ठरवायला तुटलेली कपची त्या गाडीवरच्या खळग्यात तंतोतंत बसावी लागते. 'जुळतं' आणि 'तेच आहे' यातला फरक प्रबंध लिहितानाही विसरू नका.

नोंदीत कोण नसतं?

मी फोटो काढले, ठाण्यात नोंद केली, समोरच्या दुकानदाराला सीसीटीव्ही फुटेज पुसलं जायच्या आत जपून ठेवायची विनंती केली. कॅमेरा दुसऱ्या बाजूला होता. गॅरेजवाले म्हणाले, "विम्यात टाकू नका, नो क्लेम बोनस जाईल." हिशेब केला, खरंच परवडत नव्हतं. म्हणजे आमचा प्रसंग विमा कंपनीच्या आकड्यांत येणारच नाही. ठाण्यात कोण जातो, क्लेम कोण करतो यावर आकडे ठरतात. न्यायालयीन निकालांत तर फक्त सापडलेले लोक असतात. चिठ्ठी ठेवून आपसात मिटवणारे आणि कधीच न सापडलेले, दोघेही नोंदीबाहेर. या विषयावर कुणी काम करणार असेल तर पहिली अडचण हीच.

नोंदीबाहेरच्यांत मीही आहे. एमएससीच्या दुसऱ्या वर्षी पार्किंगमधून टू-व्हीलर काढताना शेजारच्या स्कूटरचा आरसा माझ्याकडून फुटला. प्रॅक्टिकलला उशीर होत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी निघून गेले. तेव्हा कुणी 'पळालीस' म्हटलं असतं तर मी भांडले असते. गाडीची पोच बघून चिडचिड करताना हे आठवलंही नव्हतं; कलम 134 वाचताना आठवलं.

म्हणून या विषयावर लिहिताना 'गुन्हेगार चालक' हा शब्द मी खोडून 'निघून गेलेला चालक' असा केला. त्याला माफ केलंय असं नाही, दरवाजाचे पैसे मीच भरलेत. पण तो कोण होता हे मला माहीत नाही, आणि निघून गेलेल्या माणसाबद्दल मला खात्रीने जे माहीत आहे, ते फक्त माझ्याबद्दलचं आहे.

तुमच्या विषयात नोंदीबाहेर कोण राहतं, याचा या आठवड्यात विचार करून बघा. आणि गाडीत एक कागद-पेन ठेवा.